ट्रायल रूममधली खुर्ची

बायकांच्या टॉपांच्या त्या दुकानात आरसे होते अकरा आणि खुर्ची एक. खुर्ची टाचणीमावशीची. म्हणजे बसायचं गिऱ्हाइकाने, पण हुकूम मावशीचा. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, बसायच्या जागेचं रेक्झिन फाटलेलं, आणि मुक्काम कायमचा ट्रायल रूमच्या पडद्याआड.

मावशीचं खरं नाव दुकानात कुणी कधी विचारलंच नव्हतं. ओठांत सदा चार-पाच टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी आणि हुंकार जास्त. बाईने नवा टॉप घातला की मावशी म्हणायची, "बस." बाई बसली की, "हात वर कर, वरच्या फळीवरचा डबा काढतेस असा. आता वाक. खाली पडलेली किल्ली उचल." समोर वकील असो की भाजीवाली, मावशी एकेरीवरच यायची, आणि मोठमोठ्या बायका मुकाट्याने नसलेली किल्ली उचलायच्या.

"उभ्याने सगळ्याच छान दिसतात," ती म्हणायची. "पोट आत आणि श्वास वर. पण श्वास धरून किती दिवस काढणार? कपडा खरं बोलतो तो बसल्यावर."

हे शहाणपण काही शाळेतलं नव्हे. शाळेची पायरी ती चौथीतच उतरली होती आणि एका शिंप्याच्या कारखान्यात जमिनीवरचे दोरे झाडायला लागली होती. तिची थोरली बहीण अंगाने थोराड, खांदे पैलवानाचे. घरात सगळे तिला 'कपाट' म्हणत आणि वर हसत. बहिणीला एका कचेरीत मुलाखतीला बोलावलं, म्हणून शेजारणीचा टॉप उसना आणला. आरशासमोर उभी राहिली तेव्हा झकास दिसली. तिथे जाऊन खुर्चीत बसली, सही करायला हात पुढे केला आणि टॉप मुंढ्यात, काखेपाशी, टर्रकन फाटला. पोर कोपर अंगाशी चिकटवून घरी आली.

धाकटीने कारखान्यातून एक उरलासुरला तुकडा मागून आणला. बहिणीला आधी खुर्चीत बसवलं, मग माप घेतलं. मुंढा सैल ठेवला, शेजारणीच्या टॉपला होत्या तशा बाहीवरच्या चुण्या गाळल्या, गळा बंद न ठेवता व्हीसारखा उघडा ठेवला. बहिणीने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अगं, कपाट कुठे गेलं?" पुढच्या कचेरीत तिला काम मिळालं. त्या दिवसापासून मावशीने उभ्या बाईवर कधी विश्वास ठेवला नाही.

पुढे ती या दुकानात आली आणि असं तीस वर्षं चाललं. मग दुकानाच्या मालकांचे गुडघे गेले आणि कारभार आला सूनबाईकडे. सूनबाई शिकलेली, कामाला वाघ, मनाने वाईट मुळीच नव्हती. फक्त घाई फार. तिने भिंतीवर एक रंगीत तक्ता लावला. त्यात बायकांची चित्रं आणि प्रत्येकीशेजारी एक फळ. छाती, कंबर, नितंब अशी तीन मापं घ्यायची, तक्त्यावर फळ शोधायचं, फळाखाली लिहिलेला टॉप द्यायचा.

मावशीला अक्षरं जेमतेम लागायची, पण फळं ओळखता येत होती. "टॉप विकायचेत की फळांचा बाजार मांडायचाय?" तिने टाचण्यांतून विचारलं.

"मावशी, एकीपाशी तुमचा अर्धा तास जातो. तक्ता दोन मिनिटांत सांगतो," सूनबाई म्हणाली. खुर्ची माळ्यावर गेली आणि तिच्या जागी बारावा आरसा आला. चार दिवसांनी सूनबाई जरा खाली बघत म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत या. मग आराम करा. खूप केलंत तुम्ही."

घरी मावशीने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "खुर्चीसाठी भांडतात ते पुढारी. तुला काय करायचंय?" ती हसली खरी, पण जेवताना मीठ तिने दोनदा वाढून घेतलं. आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

महिना संपायला आठवडा असताना शहरातल्या बस चालवणाऱ्या सहा बायका दुकानात आल्या. त्यांना कामावर घालायला टॉप हवे होते. रंग सगळ्यांचा निळा, शिवण जिची तिने पसंत करायची. या सहाजणींना आवडलं तर मागून आणखी साठ येणार होत्या. सूनबाईने स्वतः टेप हातात घेतली.

सहाजणींतली वडीलधारी होती हॉर्नबाई. हे नाव तिला बरोबरच्यांनी दिलेलं, आणि तिने तोंड उघडलं की ते पटायचं.

"तुम्ही सफरचंद," सूनबाई तक्ता बघून म्हणाली.

"सफरचंद?" हॉर्नबाई म्हणाली. "आमचे हे तीस वर्षं भोपळा म्हणतायत. बढतीच झाली म्हणायची."

एकेकीला फळाप्रमाणे टॉप मिळाला. सहाजणी बारा आरशांसमोर उभ्या राहिल्या आणि, खोटं कशाला सांगा, दिसल्या छानच. सूनबाईचा चेहरा उजळला. मावशी कोपऱ्यात बटणं निवडत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

तेवढ्यात हॉर्नबाईच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला ती माळ्याच्या जिन्याच्या पायरीवर टेकली आणि पोटावरचं बटण जे सुटलं ते टण्णकन आरशावर. बाकीच्या हसल्या. मग एक म्हणाली, "थांब, मीही बसून बघते." तिचा टॉप पाठीवर वर सरकला. तिसरीने स्टेअरिंग धरल्यासारखे हात पुढे केले आणि काखेत शिवण कुरकुरली.

"पोरी," हॉर्नबाई सूनबाईला म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज चक्क हळू होता, "आम्ही बस उभ्याने चालवत नाही गं." तिने आपली पिशवी उचलली.

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मावशीने मनात आणलं असतं तर बटणंच निवडत बसली असती. पण फसलेला टॉप डोळ्यांसमोर असताना गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. ती माळ्यावर चढली. खुर्ची खाली आणली, बटणांच्या मोठ्या डब्याचं गोल झाकण हॉर्नबाईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे स्टेअरिंग. बस. चालव."

हॉर्नबाईने पिशवी ठेवली. "कुठे नेऊ?"

"डावीकडे वळव. आता ब्रेक."

मावशी ती वळताना खांदा बघत होती, ब्रेक मारताना पोट बघत होती. मग कपाटातून तिने छातीखाली जोड असलेला, पुढे सरळ सुटणारा, बाजूंना कट दिलेला टॉप काढला. जरा जाड कापड, अंगाला न चिकटणारं. एक पोरगी काडीसारखी होती, तिला पुढे चुण्यांचा दिला, म्हणजे टॉप हँगरला टांगल्यासारखा दिसायला नको. बुटकीच्या अंगातला लांब टॉप काढायला लावला. "लांबीने उंची वाढत नाही, पाय चोरीला जातात." रुंद नितंबांची होती ती सगळं झाकायला दोन मापं मोठं घालायची. तिला मावशीने खांद्यात नेमकं बसणारं दिलं आणि खालची कड चार बोटं खाली सोडली. "कड जाड भागावर संपली की लोकांची नजर तिथेच उतरते, तिथेच बसचा थांबा असल्यासारखी."

रुंद खांद्यांचीही एक होती. तिच्यासमोर मावशी जरा जास्त वेळ थांबली. सैल मुंढा, साधी बाही, व्ही गळा. झाकण फिरवत ती पोरगी हसली आणि मावशीने उगाच नाक पुसलं.

दोन तास लागले. सहाजणींचा रंग एक, शिवणी वेगवेगळ्या, आणि बसल्या, वाकल्या, वळल्या तरी एकही टॉप हूं का चूं करीना. हॉर्नबाई आरशासमोर पोट आत न ओढता उभी राहिली.

"भोपळा नाही, सफरचंद नाही," ती शेवटी म्हणाली. "ड्रायव्हर दिसतेय." आणि वळून सूनबाईला, "साठजणी मंगळवारपासून पाठवते. पण मापाला ही बाई आणि ही खुर्ची पाहिजे. नाहीतर बस पुढच्या दुकानाला थांबेल."

त्या गेल्यावर सूनबाईने पाना आणला आणि बारावा आरसा स्वतःच्या हाताने काढला. खुर्ची आपल्या जागी ठेवली. डुगडुगली, तेव्हा पुठ्ठ्याची घडीही शोधून आणली.

"मावशी, ते महिनाअखेरचं मी म्हणाले होते..."

"कोणतं?" मावशी म्हणाली. "मला आठवत नाही बाई. वय झालं."

सूनबाई हसली, मग हसायची थांबली. बाळ झाल्यापासून ती नुसती झोळ्यांसारखे टॉप घालत होती, ते मावशीने केव्हाच हेरलं होतं. ती आत आली, पडदा ओढला आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मी कुठलं फळ हो?"

मावशीने चार टाचण्या ओठांत धरल्या, म्हणून हसू बाहेर पडलं नाही.

"नीट मागे टेकून बस," ती म्हणाली. "आणि हात वर कर."