कोरडी चकती

प्रयोगशाळेत सगळे त्याला चकतीवाले म्हणत. दगडाच्या पातळ चकत्या कापायच्या, एवढंच काम; पण हात असा बसलेला की बाई दुसऱ्या कुणाला करवतीला बोट लावू देत नसत. बाई म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञ.

बाईंचा सगळा जीव एकाच जातीच्या दगडावर. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका खाडीत प्रत्येक भरतीनं वाळूचा थर टाकला, वर गाळाचा पापुद्रा. उधाणाला थर जाड, भांगाच्या लहान भरतीला बारीक. ते मोजून बाई सांगत, तेव्हा चंद्र जवळ होता, दिवस आखूड होते. चकतीवाल्याला याचं भारी अप्रूप. आपल्या करवतीखाली चंद्राचा माग लागतो, ही काय साधी गोष्ट आहे?

पण तो मेला गाळ! करवतीवर पाणी सोडलं की पापुद्रे विरघळायचे आणि मोजणीचा बट्ट्याबोळ. नियम पाण्याचा, तरी यानं नळ बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं हो. अकरा वर्षं कोरडं कापलं आणि ती सगळी धूळ छातीत जाऊन बसली. आता खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागते. डॉक्टरांनी हात टेकले.

त्याच्या जागी लेक लागली. कामावर जायच्या आदल्या दिवशी त्यानं तिला शपथ घातली, चकती फुटली तरी चालेल, पाणी बंद करायचं नाही. ती हो म्हणाली. त्या एका होकारावर तो दिवस ढकलत होता.

एका रविवारी बाई भेटायला आल्या. पिशवीतून चकती काढून त्याच्या हातात दिली. "लेकीनं कापलीय. बघा तरी."

त्यानं ती खिडकीशी धरली. एकूण एक पापुद्रा जागच्या जागी. पाण्यानं असं कापता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"हुबेहूब तुमचा हात," बाई कौतुकानं म्हणाल्या. त्यानं चकती परत त्यांच्या हातात दिली.

बाई गेल्यावर त्यानं लेकीला विचारलं, "नळ कधीपासून बंद आहे?"

ती कपबशा विसळत होती. तिनं लपवलं नाही. "दोन महिने पाण्यानंच कापलं, बाबा. सगळ्या चकत्या वाया गेल्या. बाई रागावल्या नाहीत, पण रोज तुमचं नाव काढायच्या. मग मीच बंद केला."

त्याला तिच्यावर ओरडायचं होतं, पण श्वास पुरला नाही. ती धावत येऊन त्याची पाठ चोळू लागली.

"थोडेच दगड उरलेत आता," ती समजूत घालत म्हणाली.

गोदामात ते दगड त्यानंच रचले होते. अजून पंधरा वर्षं पुरतील एवढे होते.