थाळीचं उत्तर

आईची पितळी थाळी गाळातून काढली आणि त्या वासासरशी मी लहानपणीच्या कॉलनीत पोचलो. महाडबाहेरच्या भातखाचरांत मास्तर-कारकुनांनी बांधलेली ती घरं. सावित्री चढली की नदीकडच्या आमच्या दारातून आई थाळी बडवायची. मागच्या ओळीतून थाळीनंच उत्तर यायचं.

"अगो, पाणी आलंय का जावई?" मागच्या काकू ओरडायच्या.

"जावयासाठी एवढी बडवीन का मी?" आई हसायची. मग सगळी कॉलनी सामान माळ्यावर चढवायची.

पुढे घरं एकेक बंद झाली. पहिला बाहेर पडलो मी. यंदाच्या पुरात आई एकटीच गेली. थाळीवर नवे पोचे आहेत. म्हणजे तिनं बडवली होती. आणि उत्तर येईल म्हणून दारातच थांबली असेल.