टिचबटणांचा शर्ट

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जयराम सत्तावीस वर्षं रिले तपासत होता. रिलेचं काम निरोप्याचं. बिघाड झाला की वीजनिर्मितीचा संच बंद करायचा हुकूम पुढे पोचवायचा. खोटा हुकूम सुटला की धडधाकट संचही ट्रिप होतो, बंद पडतो. म्हणून जयरामने अंदाजाने एकही आकडा कधी लिहिला नाही. साहेब वैतागायचे, तरी नाही.

२००३ साली त्याचा उजवा हात थरथरू लागला. कंपवात. डॉक्टर अंजली मॅडमनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. पेशीच्या आत निरोपांची साखळी असते. या आजारात 'मर' असा निरोप पोचतो आणि मेंदूतल्या पेशी मरत जातात. हे औषध ती साखळी मध्येच तोडू पाहणार होतं.

"म्हणजे ट्रिप ब्लॉक करायची," जयराम म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो हसला.

"पण काका, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी मिळते. तुम्हाला कोणती, ते मलाही ठाऊक नसेल. आणि हात फार बिघडला तर नेहमीच्या गोळ्या सुरू कराव्या लागतील. मग चाचणीतून बाहेर."

वर्षभरात हात बिघडतच गेला. तपासणीत शर्टाची बटणं लावून दाखवावी लागत. त्याला चाचणीतून काढू नये म्हणून त्याच्या बायकोने, यशोदाबाईने, काजं शिवून बंद केली, वर बटणं शिवली आणि आत टिचबटणं बसवली.

"नुसतं दाबायचं," तिने बजावलं. "अन् तुमचं ते खरेपण घरी ठेवून चला."

दवाखान्यात मॅडमसमोर त्याने दाबलं. टिच. पुन्हा टिच.

"वा काका, मागच्यापेक्षा छान!" मॅडम लिहू लागल्या.

जयराम त्यांच्या पेनाकडे बघत राहिला. हा आकडा कुठेतरी दूर जाणार. तिथला कोणी माणूस तो वाचून म्हणणार, औषध चालतंय.

"मॅडम, खोडा ते." त्याने शर्टाची पट्टी उलटून दाखवली.

यशोदाबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मॅडमनी पुन्हा तपासलं आणि नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या.

आपल्याला बिनऔषधाचीच गोळी मिळाली असणार, औषध खोटं नाही, या आधारावर त्याने पुढचे महिने काढले. मग मॅडमनी बोलावून सांगितलं: चाचणी सगळीकडेच थांबली, औषधाचा उपयोग कोणालाच नाही. त्याला मिळत होती ती खरी गोळी होती.

"काय म्हणाल्या?" घरी यशोदाबाईने विचारलं.

"जेवायला वाढ."

तिने आमटीभात कालवला. चमचा त्याच्या हातात न देता तोंडापाशी नेला. आजवर तो म्हणायचा, "दे इकडे, मी खातो." आज त्याने तोंड उघडलं.