सुई की सळई

तुम्ही दोघं त्या करोनाच्या उन्हाळ्यात घरात कोंडलेले असताना विणायला शिकलात आणि मला तुमच्या पहिल्या मफलरचा फोटो पाठवलात. मी उलट त्या महिन्यांत काय काय वाचलं ते कळवलं. तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, तुला तर विणता येतं. मग तू का नाही विणत?" डोळे थकतात, असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं. खरं काय ते आता लिहिते.

मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता. बाबांच्या कचेरीवरची पाटी बदलली होती, खुर्ची तीच होती. आम्ही जुन्या इंदुरात राहायचो. घरात आई, बाबा, बाबांची थोरली विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, मी, आणि चार वर्षांची धाकटी. धाकटी म्हणजे तुमची मावशीआजी.

त्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मराठीत देवी "आल्या" म्हणजे तो रोग झाला, अंगभर फोड आले. देवी "काढल्या" म्हणजे तो होऊ नये म्हणून दंडावर लस टोचली. हिंदीत मात्र "माता निकली" म्हणजे रोगच. आमच्या घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, आणि उंबऱ्यावर दोन्हींची नेहमी टक्कर व्हायची. आत्या भाजीवालीला म्हणायची, "कल तुमने कोथिंबीर शिळी दिया." भाजीवाली म्हणायची, "शिला कौन, बाईजी? मेरी बहू तो विमला है." आम्ही हसून लोळायचो.

शाळा बंद झाली. भिंतीपलीकडच्या घरातली मुलगी, धाकटीची खेळगडी, आजारी पडली आणि त्यांच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. त्याच सुमारास टीकेवाला, म्हणजे लस टोचणारा, गल्लीत आला. आधी टोचलेलं असलं तरी तो सगळ्यांना पुन्हा टोचत होता. ज्यांना रोग होऊन गेला होता त्यांना तेवढं सोडत होता. आई नळावर पाण्याच्या रांगेत होती. आत्यानं मला पुढे केलं. माझा दंड त्याच्या हातात असतानाच त्यानं आतल्या बिछान्याकडे पाहून विचारलं, "छोटी को माता निकली है क्या?"

आत्याला वाटलं, देवी काढल्या का, असं विचारतोय.

"हाँ हाँ," ती म्हणाली. "पिछले साल निकली. दो-दो निकली." दंडावर दोन ठिकाणी टोचलं होतं, म्हणून दोन.

"दो बार?" त्यानं कपाळाला हात लावला. "बड़ी मेहर है माता की." आणि झोपलेल्या धाकटीला न उठवता तो पुढच्या दाराला गेला.

आई आल्यावर आत्या म्हणाली, टीकेवाला येऊन गेला, सगळं झालं. आईनं ते खरं धरलं. पुढे एका सकाळी धाकटीला न्हाऊ घालताना तिच्या लक्षात आलं की माझा दंड सुजून खपली धरायला लागलाय आणि हिच्या दंडावर काहीच नाही. मागच्या वर्षीचं टोचलेलंही उठलं नव्हतं, नुसतंच वाळून गेलं होतं.

"वन्सं, तो नेमकं काय म्हणाला?"

आत्यानं जसंच्या तसं सांगितलं, त्याच्या आवाजाची नक्कल करून. बाबा आधी हसले. मग त्यांचं हसणं तोंडावरच थांबलं. आईनं काही बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी हात वर केला. "अक्का, तो टीकेवालाच धांदरट," ते म्हणाले, आणि धाकटीला सायकलवर बसवून तुकोगंजातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. लस टोचली. डॉक्टर म्हणाले, शेजारून आधीच लागण झाली नसेल तर काळजी नाही. झाली असेल तर लस पुढे पोचते की रोग, ते बघायचं. कळायला थोडे दिवस लागतील.

ते दिवस कसे काढायचे, हाच प्रश्न होता. आई दर तासाला धाकटीचं कपाळ बघायची. बाबा वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसायचे. मी वाचायची. शाळेच्या ग्रंथालयातून सुट्टीसाठी आणलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं, दीपगृहात राहणाऱ्या मुलीचं. मी ते धाकटीला मराठीत करून सांगायची.

"समुद्र केवढा असतो?"

"खूप मोठा."

"बिलावलीएवढा?"

"बिलावलीच्या तलावासारखे शंभर."

"खोटारडी," ती म्हणायची आणि पुढचं ऐकायला सरकून बसायची.

आत्याला वाचता येत नव्हतं. तिला हाताला चाळा हवा होता. त्याआधीच्या हिवाळ्यात शाळेच्या मडमेनं मला विणायला शिकवलं होतं आणि मी आत्याला. माझ्यापेक्षा तिचा हात चांगला बसला होता. धाकटीसाठी तिनं निळा स्वेटर विणायला घेतला होता तो अर्धा पडून होता. पण देवी आलेल्या घरात सुई चालवायची नाही, फोडणी द्यायची नाही, अशी रीत. देवी अंगात असते, सुई तिला टोचते, आणि ती डोळा मागते, असं म्हणायचे. आमच्याकडे देवी आल्या नव्हत्या, पण भिंतीपलीकडे होत्या. आत्यानं आईच्या शिवणाच्या सगळ्या सुया डब्यात बंद केल्या. विणायच्या तेवढ्या हातात घेऊन ती बाबांपुढे उभी राहिली.

"अरे, ह्याला सुई म्हणायचं की सळई?"

बाबांनी पानावरून मान वर केली नाही. "सळई."

"बघ हं. नेढं नाही, टोक बोथट. टोचत नाही."

"सळई म्हटलं ना, अक्का."

मग ती विणत बसली. दुपारी वाळ्याच्या पडद्याआड अंधार असायचा, बाहेर लू वाहायची, आणि घरात तेवढाच एक आवाज. टक, टक, टक. मी वाचता वाचता त्या तालावर पानं उलटायची. खरं सांगते, त्या आवाजात मला भीती वाटत नसे.

एक दिवस धाकटीला ताप भरला. लसीनंही ताप येतो, म्हणून आम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत तसंच म्हणत राहिलो. मग तिच्या कपाळावर पुरळ दिसलं.

आई तिला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. आत्यानं सळया लोकरीत गुंडाळून फडताळावर ठेवल्या, दाराला कडुलिंब बांधला. मी दाराबाहेर बसून मोठ्यानं वाचायची. पण धाकटी आता गोष्ट ऐकत नव्हती. आतून तिची रड यायची. "टकटक कुठं गेली? टकटक लावा."

आई म्हणाली, "वन्सं, ती काही ऐकत नाही हो. झोपतही नाही."

आत्या बराच वेळ फडताळाखाली उभी राहिली. देवीला हात जोडले. मग लोकर खाली काढली, दाराला पाठ लावून बसली आणि विणायला लागली. ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "सळई आहे बाई, सळई आहे." आतली रड हळूहळू थांबली. तेव्हापासून धाकटी जागी झाली की आत्याचा टाका सुरू व्हायचा. लोकर संपली तेव्हा तिनं विणलेलं उसवलं आणि पुन्हा विणलं.

धाकटी वाचली. फोड थोडेच आले. डॉक्टर म्हणाले, उशिरा का होईना, लस थोडी पोचली. खपल्या गळल्यावर आई तिला माझ्याजवळ घेऊन आली. मी पुस्तक उघडलं. त्यात दीपगृहाचं चित्र होतं. धाकटी ते बघायला वाकली आणि चिमणीसारखी मान तिरकी करून, एका बाजूनं बघायला लागली. आईनं तिचं तोंड उजेडाकडे केलं. उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं. ते पुढेही कधी गेलं नाही. तुमची मावशीआजी प्रत्येक फोटोत वळून का बसते, ते आता तुम्हाला कळेल.

आत्यानं तो डोळा पाहिला आणि जमिनीवर बसली. "तू सळई म्हणालास रे," ती बाबांना म्हणाली, "पण देवीला कुठं एवढं मराठी कळतं. तिनं सुईच धरली."

मी शाळेत आरोग्याचं पुस्तक शिकलेली मुलगी. मी म्हणायला गेले, "आत्या, सुईनं कुठं डोळा..." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. असं त्यांनी माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. बाबा कडुलिंबालाही हसायचे, नवसालाही. पण त्या दिवशी ते आत्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "चूक माझी. मीच सळई म्हणालो." मला ते कळायला काही वर्षं जावी लागली. सुई नाही, तर मग काय? मग दारात टीकेवाल्याला दिलेलं उत्तर. तेवढं तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून बाबा जन्मभर सुईला मान देत राहिले. आईही.

त्यानंतर आमच्या घरात कोणी विणलं नाही. पण तो आवाज गेला नाही. दुपारी घर शांत असलं की मला अजून लोटलेल्या दारापाशी टक, टक ऐकू येतं, आणि कोणीतरी आत रडायचं थांबतं. म्हणून मी वाचते. वाचताना मला शब्द ऐकू येतात.

आत्या खूप वर्षं जगली. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे होती. एका दुपारी मी तिला जेवू घालत होते. ती म्हणाली, "तू इंग्रजी शिकलीस, तुला ठाऊक असेल. खरं सांग. सुईनंच ना गं?"

"हो आत्या. सुईनंच."

तिनं माझा हात बाजूला केला, घास गिळला. "बरं झालं," ती म्हणाली. "मला मधूनमधून वाटायचं, त्या दिवशी दारात..."

मी वाटीतला भात कालवला आणि दुसरा घास तिच्यापुढे धरला.