किसनरावांची तिबेटी चेरी

पडदा वर जातो. स्थळ: अमरावतीच्या बाहेरच्या अंगाला वसलेली आमची कॉलनी. वेळ: मे महिन्यातली भर दुपार. डाव्या बाजूला एक बैठं घर. घराच्या उत्तरेकडच्या सावलीत हिरव्या नेटचा मांडव. मांडवाखाली ओल्या पोत्यांत गुंडाळलेलं, कमरेएवढं एक झाड आणि त्या झाडाकडे तोंड करून घरघरणारा कूलर. घरातली माणसं आत घाम पुसत बसली आहेत. कूलर एकच आहे.

मी रंगमंचावर पुष्कळ राजे केले. मुकुट पुठ्ठ्याचे असले तरी चवरी ढाळायला माणूस खरा असे. पण त्या झाडाला मिळाला तसा मान माझ्या एकाही राजाला मिळाला नाही. उलट माझ्या दाढीचा गोंद उन्हाळी प्रयोगांत दुसऱ्या अंकातच सुटायचा.

झाडाचे मालक म्हणजे आमचे शेजारी किसनराव गावंडे. वरूडचे संत्रा बागाईतदार. झाड म्हणजे संत्र्याचं, बाकी सगळं सरपण, हा त्यांचा वनस्पतिशास्त्रातला एकमेव सिद्धांत. कॉलनीत राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी रस्त्यावरच्या गुलमोहराला विचारलं होतं, "तू काय देतं बे?" समोरचे मोरोपंत म्हणजे अकोल्याचे निवृत्त वकील. त्यांच्या गुलाबांच्या कुंड्या पाहून किसनराव गंभीरपणे म्हणाले, "पंत, येची भाजी करता का चटनी?" पंत महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. महिनाभर कॉलनीत बरीच शांतता होती.

असा हा माणूस, जे झाड खाण्याजोगं फळ देत नाही, ज्याच्या फुलाचंही फारसं कौतुक नाही, ज्याची फक्त साल बघायची, आणि तीही हिवाळ्यात, अशा झाडाला मे महिन्यात कूलर लावून बसला होता. ते झाड म्हणजे तिबेटी चेरी. साल तांब्यासारखी लाल, गुळगुळीत, आडव्या रेघांची. पानं गळाली की खोड घासूनपुसून ठेवल्यासारखं चमकतं म्हणे. थंड मुलखात.

"किसनराव, तिबेट थंड असतं हो," मोरोपंत फाटकातून म्हणाले. "आमच्या अकोल्यात असतं तर एव्हाना याच्यावर चहा उकळला असता."

"मंग बरं झालं ना पंत, तुमी अकोला सोडून इकडं आले. झाड बी वाचलं, अकोला बी वाचलं."

हे सगळं कशासाठी, ते आधी सांगायला हवं. मनकर्णाबाई म्हणजे किसनरावांची पत्नी. त्यांना वरूडला हृदयाचा झटका आला. कुलदीपनं, म्हणजे थोरल्या मुलानं, गाडी पळवत अमरावती गाठली आणि बाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो. ते वाक्य किसनरावांनी असं पाठ केलं की आमच्या कंपनीतल्या एकाही नटानं संवाद तसा पाठ केला नसेल. त्यांनी बाग कुलदीपच्या हवाली केली आणि दवाखान्याची पाटी गच्चीवरून दिसेल असं हे घर घेतलं.

मनकर्णाबाईंना घर मुळीच आवडलं नाही. इथली माणसं फाटकाच्या आतून बोलतात, इथल्या हवेला संत्र्याच्या फुलांचा वास नाही, आणि चहाला कोणी न सांगता येत नाही. त्यांची बॅग पलंगाखाली कायम भरलेली असे.

मध्यंतरी प्रकृती सुधारल्यावर दोघं हिमाचलात मुलीकडे, गीतांजलीकडे, जाऊन आले. तिच्या अंगणात हे झाड होतं. बाई परत आल्या त्या त्याच झाडाचं सांगत. "माह्या मायच्या घरी तांब्याचा गुंड होता पान्याचा, चिचेनं घासलेला. तसंच खोड, अगदी तसंच. मी तं हातच काढला नाही त्याच्यावरून."

मग एका संध्याकाळी दोघांची जुंपली. भिंत एकच असल्यामुळे मला खुर्ची पहिल्या रांगेतली होती.

"मले वरूडले नेऊन द्या."

"डाक्टर काय म्हनला ते इसरली का?"

"डाक्टरले मरन नाही का? मी इथं जीव लावू तरी कायले?" मग बाई म्हणाल्या, "बरं, आयका. ते झाड इथं आना अन् त्याची साल चमकवून दाखवा. चमकली का मी वरूडचं नाव काढनार नाही. नाही चमकली तं तिसऱ्या संक्रांतीले मले बागेत नेऊन सोडाचं. कबूल?"

"कबूल!" किसनराव गरजले. संत्र्याचा सौदासुद्धा त्यांनी इतका डोळे मिटून कधी केला नसेल.

गीतांजलीनं कलम पाठवलं. ते रेल्वेतून माणसासारखं बर्थवर झोपून आलं. काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून किसनरावांनी मुरूम टाकून ओटा केला. पहिल्या उन्हाळ्यात कूलर लागला. पहिल्या हिवाळ्यात पानं गळाली, तेव्हा मोरोपंत पांढरा सदरा घालून भेटायला आले. दुसऱ्या हिवाळ्यात खोड जाड झालं, पण रंग जुन्या दोरीसारखा. मनकर्णाबाई खिडकीतून बघत आणि पलंगाखालची बॅग पुन्हा आवरून ठेवत.

तिसऱ्या हिवाळ्यात किसनरावांनी खोडाला पोतं गुंडाळलं आणि सुतळीनं घट्ट बांधलं. "थंडी लागते का त्याले?" पंतांनी विचारलं. "पडदा हाय पंत. संक्रांतीले उघडू." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून राजे, तुमच्यात असंच असते नं?" मी मान डोलावली. आमच्यात पडद्यामागे निदान तालीम होत असे. इथे महिनाभर कोणी डोकावलंही नाही.

संक्रांत आली. मनकर्णाबाई सणाला वरूडहून आलेल्या सुनेला, पौर्णिमाला, घेऊन देवळात वाण द्यायला गेल्या. किसनरावांनी मला आणि पंतांना बोलावलं, सुतळी कापली, पोतं काढलं आणि ओल्या फडक्यानं खोड पुसलं.

आता चेष्टा पुरे. ते खोड खरंच चमकलं. सकाळचं ऊन घराच्या कोपऱ्यावरून तिरपं आलं होतं, आणि ती लालसर साल अशी उजळली की मोरोपंतांना एकही टोमणा सुचला नाही. किसनराव मागे सरकून पाहत राहिले. या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा एका झाडाकडे "काय देते?" असं न विचारता पाहिलं.

मग त्यांनी फडकं खाली फिरवलं आणि हात थांबला. पोत्याखाली दबलेल्या भागावर मधासारखे चार-पाच थेंब होते.

"डिंक्या," किसनराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

संत्र्याच्या मुलखात हा शब्द हळू आवाजात बोलतात. खोडाला डिंक सुटतो, साल कुजते आणि बाग जाते. त्यावर वरूडच्या प्रत्येक माणसाच्या हातात इलाज असतो, आणि हात डोक्याला विचारत बसत नाही. किसनराव आत गेले ते चाकू, चुना, मोरचूद आणि दोन प्लास्टिकच्या बादल्या घेऊन आले.

"अहो, थांबा, गीतांजलीला विचारू," पंत म्हणाले आणि फोन लावू लागले.

"इचारेपर्यंत झाड जाते पंत!" किसनरावांनी वरची साल खरवडायला घेतली. डिंक होता तिथली काढली, शेजारची काढली, मग कशाला धोका म्हणून उरलेलीही काढली. ज्या सालीसाठी तीन वर्षं कूलर, पोती आणि शेजाऱ्यांची टिंगल सोसली, ती ओट्यावर सुतळीच्या तुकड्यांसारखी पडली. चुना आणि मोरचूद कालवून त्यांनी कमरेपर्यंत निळसर पांढरा लेप दिला. लेप मात्र सुरेख होता. वरूडात त्याला बक्षीस मिळालं असतं.

तेवढ्यात फोन लागला. गीतांजलीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "चेरीले थोडा डिंक येतच असते बाबा. ओल्या फडक्यानं पुसून टाका फक्त."

पंतांनी फोन हळूच खिशात ठेवला.

फाटक वाजलं. मनकर्णाबाई वाणाचं ताट घेऊन आत आल्या आणि थबकल्या.

"हे काय केलं जी?"

"डिंक्या होता."

"अन् साल?"

"खरवडली."

"सारी?"

"सारीच." किसनरावांच्या हातात अजून ब्रश होता, आणि पायजम्यावर निळे ठिपके. "चमकली होती. पंतायले इचार. राजेयले इचार. पन तुले दाखवाले नाही उरली. हरलो मी. कुलदीपले फोन करतो, गाडी घेऊन ये म्हनतो. तुही बॅग भरलेलीच हाय."

साऱ्या कॉलनीला पुरणारा त्यांचा आवाज त्या शब्दांवर बसला. आमच्यात आवाज बसला की विंगेतून कोणी तरी पुढचं वाक्य सांगत असे. इथे कोणाला माहीत होतं?

बाईंनी ताट पौर्णिमाच्या हातात दिलं. झाडाजवळ जाऊन लेप नखानं खरवडला, बोटांत चोळून पाहिला.

"चुना जास्त झाला."

"नाही झाला."

"झाला. भुरकं दिसून राह्यलं. मोरचूद टाकाले हात आखडते तुमचा, तुमच्या बापासारखाच. उद्या दुसरा हात द्या लागते. अन् पावसाच्या तोंडावर पुन्हा एक."

"तोवर तू तं वरूडले…"

"सारी साल सोलून ठेवली तुमी त्याची, अन् आता मी त्याले तुमच्या भरवशावर टाकून जाऊ?" बाई वळल्या. "शर्त हरलेच तुमी, इसरू नका. झाड धड झालं का मंग पाहू कव्हा जाचं ते. पौर्णिमा, यायले तिळगूळ दे. पंत, तुमी बी घ्या अन् थोडं गोड बोला."

बाई आत गेल्या. थोड्या वेळानं आतून पलंगाखालची बॅग ओढल्याचा आवाज आला आणि मग कपाट उघडल्याचा. पंत तिळगूळ चघळत झाडाकडे पाहत होते. किसनरावांनी ब्रश बादलीत टाकला आणि स्कूटरची किल्ली शोधू लागले.

मला राहवलं नाही. "किसनराव," मी विचारलं, "आता तुम्ही हरलात की जिंकलात?"

"ते तिले इचारा राजे. मले मोरचूद आनाले जाऊ द्या."