शिंप्याचे चार दिवस

माझे जावई शिंपी. हात सोन्याचा, पण सांगितल्या दिवशी कपडा हाती पडलाय असं आजवर घडलेलं नाही. शुक्रवार म्हणाले की मंगळवार समजायचा. गिऱ्हाइकंही पक्की, लग्न रविवारी असलं तर बुधवारी आहे म्हणून सांगतात.

त्यांनी ओव्हरलॉकचं मशीन, म्हणजे कापडाच्या कडा बांधणारं, क्रेडिट कार्डावर घेतलं. मग दोरे, बटणं, दुकानाचं भाडं, सगळंच कार्डावर. उधारी गेली ऐंशी हजारांवर, आणि व्याज महिन्याला चोवीसशे. तेवढ्यात दुसऱ्या बँकेतल्या एका मुलीचा फोन आला. जुनी बाकी आमच्या कार्डावर आणा, सहा महिने व्याज नाही! जावई दुकान उघडं टाकून घरी धावत आले.

"आई, व्याज शून्य! ऐकलंत का?"

"मग त्या पोरीचा पगार कोण देतं?"

"तुम्हाला ना, सगळ्यात काळंबेरंच दिसतं."

लेकीनं कागद ओढून घेतला. "हे बघा. बाकी हलवायची फी दोन टक्के, वर तिच्यावर कर. एकोणीसशे इथंच गेले. सहा महिन्यांत फिटायला दरमहा पावणेचौदा हजार भरायला हवेत."

"चार हजार भरले तरी चालतं म्हणाली ती."

"तिला चालेलच! सहा महिन्यांनी अठ्ठावन्न हजार उरतील, आणि मग व्याज महिन्याला साडेतीन टक्के. तेव्हा मशीन विकायला काढाल."

मशीनचं नाव काढल्यावर गडी वठणीवर आला. बाकी नव्या कार्डावर हलवली, शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं, तीन हप्ते अगदी पुरते भरले. मला वाटलं, सुधारला माणूस. एवढ्यात जुनं कार्ड रिकामं दिसलं. आस्तराचे गठ्ठे स्वस्त मिळतायत म्हणून पंचवीस हजार त्यावर उडवले. रिकामा खिसा यांना बघवतच नाही.

चौथा हप्ता पाच तारखेचा. पैसे गल्ल्यात होते. जावयांनी नऊला भरले. बँकेनं दंड लावला, शून्य व्याज बंद केलं, आणि उरलेल्या सत्तावीस हजारांवर व्याज सुरू. यांनी फोन लावला.

"मॅडम, चारच दिवस हो! आमच्या धंद्यात एवढं धरत नाहीत."

"सर, आमच्यात धरतात."

फोन ठेवला तरी बराच वेळ ते कान चोळत बसले होते. पाहुण्यासमोर वाढावं तसं लेकीनं दोन्ही कार्डांचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. पंचावन्न हजार भरून झाले होते आणि अजून बावन्न हजार द्यायचे होते.

पुढच्या गल्लीतला शिंपी मशीन बघायला आला. यांचा जुना वैरी. चाकावरून हात फिरवत म्हणाला, "अर्धे आता देतो, अर्धे दोन महिन्यांनी. आपलंच घर आहे."

"पूर्ण. आत्ता," जावई म्हणाले.

"अरे, एवढी काय घाई?"

"घाई मला नाही. बँकेला आहे."

वैऱ्यानं पैसे मोजून दिले. मशीन उचलायच्या आधी जावयांनी तेलाचे डाग पुसले, सुयांचं पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "डावीकडचा दोरा जरा सैल ठेव. ताणलास की तुटतो."