मूळ राज्य

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस लाखात एक, पण हट्टी असा की विचारू नका. अठरा वर्षांपूर्वी कामासाठी शेजारच्या राज्यातून इथे आले. अजूनही कुणी "कुठले तुम्ही?" म्हटलं की छाती फुगवून तिकडच्या गावाचं नाव सांगतात. "इथे काय, कामापुरते आहोत. पोरीचं शिक्षण झालं की चाललो." भाची बालवाडीत होती तेव्हापासून मी हे ऐकतेय.

या शहरातली कुठली लिफ्ट दाराशी घासते, कुठली पाचव्या मजल्यावर चार बोटं खाली थांबते, सगळं त्यांना तोंडपाठ. तरी शहर परकं! आता बोला.

भाची इथेच जन्मली, इथेच शिकली. तिला इथल्या मोठ्या विद्यापीठात आर्किटेक्चरला जायचं होतं. जागा शंभर. नव्वद या राज्यातल्या मुलांना, दहा बाहेरच्यांना, आणि त्या दहांवर सगळीकडची हुशार पोरं तुटून पडतात. तिने फॉर्म भरला, फक्त पालकांचं पान बापाला दिलं. त्यात एक रकाना होता, 'मूळ राज्य'. भाऊजींनी चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात गावाकडचं राज्य लिहिलं. मूळ म्हणजे मूळ! त्यांच्या मते त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

यादी लागली त्या दिवशी बहीण आणि भाऊजी कामावर होते, म्हणून भाचीबरोबर मी गेले. राज्याच्या यादीत तिचं नावच नाही. ती यादी एकोणनव्वद टक्क्यांना संपली होती आणि आमच्या पोरीला त्र्याण्णव. शेवटी ती सापडली बाहेरच्यांच्या यादीत, एकसष्टावी. जागा किती? दहा. माझं तर डोकंच फिरलं.

"अहो, ही इथलीच आहे!" मी प्रवेशाच्या खिडकीवर ओरडले.

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे फॉर्म काढून दाखवला. "वडिलांनीच लिहिलंय. दरवर्षी दोन-चार जण असं करतात. मूळ राज्य म्हणजे तुम्ही कायम राहता ते, खापरपणजोबांचं नव्हे." उपाय होता. तीन दिवसांत रहिवासी दाखला आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं: आमचं कायमचं वास्तव्य इथेच असून परत जाण्याचा इरादा नाही.

संध्याकाळी घरी भाऊजींनी मजकूर दोनदा वाचला आणि कागद टेबलावर ठेवला. "मी सही करणार नाही. हे खोटं आहे."

"खोटं?" मी म्हटलं. "अठरा वर्षांत किती वेळा गेलात हो तिकडे? लग्नाला आणि मयताला!"

"ताई, ते वेगळं. आपण जाणारच आहोत."

तेवढ्यात बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मी नाही येणार," ती म्हणाली. "कधीच येणार नव्हते. तुम्हाला बोलून बरं वाटायचं म्हणून गप्प बसायचे."

मग भाची बोलली, रडत रडतच. "बाबा, तिकडे गेलं की मला सगळे पाहुणी म्हणतात. आता इथेही मला बाहेरची करून ठेवलंत."

भाऊजींनी कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. मला आपलं भाऊजींना चार शब्द जास्तच बोलल्यासारखं वाटलं, पण मागे कोण घेतंय!

तिसऱ्या दिवशी खिडकी पाचला बंद होणार होती. आम्ही तिघी तीनपासून बाकावर बसलो होतो. भाऊजी सकाळी काही न बोलता कामावर गेले होते. सव्वाचारला धापा टाकत आले, बाह्यांना ग्रीस लागलेलं. रुमालाने बोटं एकेक करून पुसली आणि सही केली.

"नीट वाचलंत ना?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"तीन दिवस तेच वाचतोय."

सुधारलेल्या यादीत भाची अडतिसावी आली. प्रवेश पक्का! बहीण नाचायचीच बाकी होती. संध्याकाळी सगळे त्यांच्याच घरी जमलो, आणि हसणं-खिदळणं चालू असताना भाऊजींनी गावाकडे थोरल्या भावाला फोन लावला.

"दादा, घरातली माझ्या वाट्याची ती मधली खोली तुझ्या पोराला दे. हो, कायमची." मग जरा थांबून म्हणाले, "रागावलो कशाला असेन? लिहून दिलंय रे मी, सही केलीय. आता ते खरं करायला नको?"

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"किल्ली इकडेच आहे. तू कुलूप तोड," भाऊजी म्हणाले. आणि लगेच, "नको, नको, तोडू नकोस. मी किल्ली पाठवतो."